गटात न बसणारे पद

‘चादर, उशी, सतरंजी, टॉवेल. गटात न बसणारे पद ओळखा.’

शिष्यवृत्तीच्या जादा तासाला मुलांनी सोडवलेली सराव प्रश्नपत्रिका मी तपासत होते. उत्तरसूचीत या प्रश्नाचं उत्तर होतं टॉवेल. बाकीच्या तीन वस्तू अंथरुणातल्या, टॉवेल तेवढा न्हाणीघरातला. पाचवीतल्या एका मुलीने उशीला गोल केला होता. मी फुली मारून पुढच्या पानावर गेले. मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन टेबलापाशी येऊन उभी राहिली. ‘बाई, हे चुकलं कसं ओ? चादर, सतरंजी, टॉवेल मागावर विणतेत. उशी कुठं विणतेत? उशी शिवतेत.’

तिचे वडील टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात. आई घरी बसून टॉवेलच्या कडा शिवते, डझनावर पैसे मिळतात. वस्तू तयार कशी होते हे त्या घरात रोज डोळ्यांसमोर असतं, म्हणून तिने घडणीवरून गट पाडला. प्रश्न काढणाऱ्याने वापरावरून पाडला होता. तर्क म्हणून दोन्ही उत्तरं सारखीच पक्की आहेत. मला विचाराल तर तिचं अधिक विचार करून दिलेलं आहे. पण दोन गुण गेले, आणि ज्या विभागात गेले त्याचं नाव ‘बुद्धिमत्ता चाचणी’.

सोलापूरच्या पूर्व भागात मी बावीस वर्षं शिकवते आहे. त्या दिवसापर्यंत अशा किती फुल्या मी मारल्या असतील, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

महाराष्ट्रात ‘बुद्धिमत्ता’ हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. शिष्यवृत्ती परीक्षेच्या ३०० गुणांपैकी १०० गुण बुद्धिमत्ता चाचणीचे. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी. २०१७ पासून शिक्षक व्हायचं तर ‘अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी’. अंकमालिका, समसंबंध, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, रांगेत डावीकडून सातवा तर उजवीकडून कितवा: हे ज्याला पटापट सुटतं तो हुशार आणि ज्याला सुटत नाही तो ‘ढ’, ही समजूत दहाव्या वर्षीच घरोघरी पक्की होते. मूल स्वतःही ती धरून बसतं. ‘मला बुद्धिमत्ता जमत नाही, बाई,’ असं वाक्य मी दर वर्षी ऐकते. गणित जमत नाही म्हणणारं मूल एका विषयाबद्दल बोलत असतं. बुद्धिमत्ता जमत नाही म्हणणारं मूल स्वतःबद्दल बोलत असतं.

आणि हीच चाचणी शिकवता येते, हे आम्हा शिक्षकांइतकं कुणाला ठाऊक असणार? माझ्या वर्गातली मुलं जूनमध्ये आरशातल्या प्रतिमेचे दहापैकी तीन-चार प्रश्न सोडवतात, जानेवारीत आठ-नऊ. सहा महिन्यांत त्यांच्या बुद्धीत दुपटीने भर पडली असं कुणी म्हणणार नाही. त्यांना रीत कळली, वेळेचा अंदाज आला, चुकीचे पर्याय आधी कसे खोडायचे ते समजलं. म्हणजे या पेपरातल्या यशाचा मोठा भाग सरावाचा आहे, आणि सराव मिळतो तो क्लासची फी आणि गाईडचे पैसे ज्याच्या घरी आहेत त्याला.

यावर मानसशास्त्राचे जाणकार म्हणतील की शिष्यवृत्तीचा पेपर आणि खरी आयक्यू चाचणी यांची गल्लत करू नका. त्यांचं बरोबर आहे. खरी चाचणी प्रशिक्षित माणूस एका वेळी एकाच मुलाला समोर बसवून घेतो, तिचे प्रश्न बाजारात मिळत नाहीत, आणि तासाभरात शब्द, आकडे, आकृत्या, स्मरण असं बरंच काही तपासलं जातं. तिच्या गुणांचा शाळेतल्या यशाशी चांगला मेळ बसतो, हेही शंभर वर्षांच्या अभ्यासातून वारंवार दिसलं आहे. तेव्हा ‘आयक्यू म्हणजे सगळं थोतांड’ असं मी म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो त्या आकड्याला माणसाची बुद्धी म्हणण्याला.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये थिओडोर सिमाँ यांच्यासोबत पहिली चाचणी तयार केली, ती वर्गात मागे पडणारी मुलं शोधून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून. बुद्धी हे जन्मतः ठरलेलं, न बदलणारं माप आहे या मताला त्यांनी स्वतःच कडाडून विरोध केला होता. १९११ मध्ये बिने गेले. पुढच्याच वर्षी जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायची कल्पना मांडली. आठ वर्षांचं मूल सहा वर्षांच्या मुलाइतकंच करू शकलं तर सहा भागिले आठ गुणिले शंभर, म्हणजे ७५. आता ही पद्धतही मागे पडली आहे. हल्ली त्याच वयाच्या मुलांची सरासरी १०० धरतात, आणि शंभरातले साधारण ६८ जण ८५ ते ११५ च्या मध्ये येतील अशी मांडणी करतात. थोडक्यात, तुमची उंची १५० सेंटिमीटर असते तसा तुमचा आयक्यू ११० नसतो. ११० म्हणजे रांगेतली जागा. कोणाच्या रांगेतली, हे विचारल्याशिवाय त्या जागेला अर्थ नाही.

रांग चुकली की काय होतं त्याचा दाखला अमेरिकेने घालून दिला. पहिल्या महायुद्धात तिथे साधारण साडेसतरा लाख सैनिकांच्या चाचण्या घेतल्या. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी चित्रांची चाचणी होती: चित्रात काय राहिलं आहे ते काढा. एका चित्रात टेनिसचं मैदान होतं आणि जाळी गायब. दक्षिण इटलीतल्या खेड्यातून आलेल्या ज्या मजुराने टेनिस कधी पाहिलंच नाही, त्याने काय काढावं? त्या गुणांच्या आधारे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये कोणत्या देशाचे लोक कमी बुद्धीचे ते पुस्तक लिहून सांगितलं. १९३० मध्ये त्यांनीच ते निष्कर्ष मागे घेतले. मधल्या काळात, १९२४ मध्ये, परदेशातून येणाऱ्यांवर कडक बंधनं घालणारा कायदा होऊन गेला होता. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या एका तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. मदतीसाठी बनवलेलं साधन वीस-बावीस वर्षांत निकालपत्र होऊन बसलं.

आपल्याकडे हे काम अधिक जबाबदारीने सुरू झालं होतं, हे आवर्जून सांगायला हवं. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये बिने यांच्या चाचणीची भारतीय आवृत्ती प्रसिद्ध केली, ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी. म्हणजे अगदी आपल्या मुलखातल्या मुलांसाठी. भाषा बदलली की चाचणी नव्याने बांधावी लागते, हे त्यांना नव्वद वर्षांपूर्वी उमगलं होतं. सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये ठोकळे, आकृत्या आणि चित्रांचे तुकडे वापरून अशी चाचणी मांडली की जी निरक्षर माणसालाही देता यावी. ही शहाणीव आपल्या घरची आहे. वापरताना मात्र ती गळून जाते.

कशी गळते ते मी जवळून पाहिलं आहे.

सोलापुरात एखाद्या मुलाची भाषा कोणती, हा सोपा प्रश्न नाही. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड किंवा दखनी, शाळेत मराठी, मोबाइलवर हिंदी. माझ्या वर्गात तिसरीत एक मुलगा होता. बोलायचा कमी, वाचनात फार मागे, फळ्यावरचं उतरवून घेताना अक्षरं गाळायचा. त्याला तपासणीसाठी पाठवलं. कागद आला, त्यावर आकडा होता ६८. चाचणी कोणत्या भाषेत घेतली याची नोंद कुठेच नव्हती. मी मुलाला विचारलं तेव्हा कळलं की मराठीतच घेतली होती आणि निम्म्या प्रश्नांना तो गप्प बसला होता. त्याची आई बिड्या वळते. ती कागद घेऊन आली आणि म्हणाली, ‘बाई, अडुसष्ट म्हणजे पासच की ओ? पस्तीसला पास असतंय ना?’

मी तिला नीट काही सांगू शकले नाही. तिने तो कागद रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला.

या मुलाचा मामा जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, डिझाइनं करतो. सोलापुरी चादरीवरची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरवावी लागते. एकेक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एकेक भेट. चौकट रंगवलेली असेल तर उभा धागा उचलायचा, कोरी असेल तर खालीच ठेवायचा. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या क्रमाने ओवायच्या आणि मागावर चढवायच्या. एक भोक चुकलं की नक्षी जितक्या वेळा येईल तितक्या वेळा ती चूक कापडावर उमटते. रविवारी हा मुलगा मामाजवळ बसलेला असायचा. मी एकदा गेले होते तेव्हा कागदावर मोराची जोडी होती, एक डावीकडे तोंड केलेला, दुसरा उजवीकडे. मुलगा उजव्या मोराच्या पिसाऱ्यापाशी बोट ठेवून मामाला तेलुगूत काहीतरी म्हणाला. मामाने चौकटी मोजल्या आणि एक चौकट खोडली. शिष्यवृत्तीच्या पेपरात ‘आरशातील प्रतिमा’ या मथळ्याखाली जे येतं, तेच हे.

तो फार असामान्य मुलगा आहे असा माझा दावा नाही. पण ६८ हा आकडा त्या बोटाबद्दल काहीच सांगत नव्हता. आम्ही पुन्हा चाचणी घ्यायला लावली, या वेळी तेलुगू बोलणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून आणि भाषा कमी लागणाऱ्या साहित्यावर. निष्कर्ष आला तो असा: सर्वसाधारण बुद्धिमत्ता, आणि वाचनाची अध्ययन अक्षमता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. पुढे त्याला परीक्षेत जादा वेळ मिळाला, वाचनासाठी वेगळं शिकवणं सुरू झालं. आजही तो अडखळतच वाचतो. पण त्याला ‘ढ’ म्हणायची सोय आता कुणाला राहिली नाही.

ही दुसरी चाचणीही आयक्यू चाचणीच होती. म्हणून ‘या चाचण्या मोडीत काढा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभी राहू शकत नाही. ती नसती तर तो मुलगा आळशी आणि मंद म्हणूनच मोठा झाला असता. चाचणी नसेल तर उरतो तो शिक्षकाचा ग्रह, आणि शिक्षकाच्या मनात कपडे, आडनाव, बोली, बापाचा धंदा यांनी आधीच जागा अडवलेली असते. माझ्याही मनात असते. त्यापेक्षा नीट घेतलेली चाचणी बरी.

पण ‘नीट घेतलेली’ म्हणजे काय? एकाच मुलाची चाचणी दोनदा घेतली तर आकडा चार-पाच गुणांनी इकडे-तिकडे होणं स्वाभाविक आहे. असं असताना ६८ आणि ७२ यांच्यामध्ये रेघ ओढून अलीकडचा मतिमंद आणि पलीकडचा नाही असं ठरवणं शास्त्राला धरून नाही. मुलगा रोजचे व्यवहार कसे सांभाळतो, दुकानात जातो का, धाकट्या बहिणीला सांभाळतो का, हेही बघावं लागतं, आणि चांगले तज्ज्ञ ते बघतातच. चाचणी किती जुनी आहे हेही पाहावं लागतं. बुद्धिमत्तेचे संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की अनेक देशांत दर दहा वर्षांना सरासरी गुण साधारण तीनने वाढत गेले. याचा अर्थ पन्नास वर्षांपूर्वीच्या सरासरीशी आजच्या मुलाला ताडलं तर त्याचा आकडा फुगून येतो, आणि ज्याला खरोखर मदत हवी तो प्रमाणपत्रावाचून राहू शकतो.

फ्लिन यांच्या निरीक्षणातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दोन-तीन पिढ्यांत माणसाची जनुकं बदलत नाहीत. मग गुण कशाने वाढले? आहार, आरोग्य, लहान कुटुंबं, आणि शाळा. २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्र अभ्यास झाला, त्यात शाळेच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे आयक्यू एक ते पाच गुणांनी वाढल्याचं दिसलं. शाळेत गेल्याने जो वाढतो, त्या आकड्यावरून शाळेत कोणाला काय मिळावं हे ठरवणं म्हणजे जेवून आलेल्याला ताट वाढण्यासारखं आहे.

तरीही ‘रक्तातच असावं लागतं’ हे वाक्य आपल्या समाजात किती सहज म्हटलं जातं! या वाक्यामागे जात उभी असते, हे आपण सगळे जाणतो. अनुवंशाचा वाटा आहेच, जुळ्यांच्या अभ्यासातून तो दिसतो. पण मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी आणि मुरमाड माळावरची ज्वारी एकाच कणसाच्या बियाण्याची असली, तरी दोन्हीकडचा उतारा सारखा येत नाही. त्यावरून कोणी बियाण्याला नावं ठेवत नाही, आधी जमिनीकडे बघतं.

सोनाराने कान टोचावे तसा एक अभ्यास उसाच्या शेतकऱ्यांवर झाला आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही. तमिळनाडूतल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊस उत्पादकांना तोडणीआधी आणि तोडणीनंतर सारख्याच धर्तीची आकृत्यांची बुद्धिमत्ता चाचणी दिली. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तोडणीआधी, हात तंगीत असताना, त्याच माणसांचे गुण कमी आले, आणि पैसे हातात आल्यावर वाढले. माणूस तोच, मेंदू तोच, फक्त डोक्यावरचं ओझं उतरलं. ऊसबिलाची वाट पाहणारं घर कसं असतं हे आपल्याला माहीत आहे. सूत महागलं की माग बंद राहतात, मग आठवडाभर घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. अशा आठवड्यात त्या घरातल्या मुलाची चाचणी घेतली तर आकडा कोणाचा येतो, मुलाचा की आठवड्याचा?

लक्ष्मी मंडईत आईच्या पाटीशेजारी बसणारी पोरं बघा. पावणेदोन किलो वांगी, साठ रुपये किलो, पाचशेची नोट, सुटे परत. तोंडी हिशोब होतो आणि चुकत नाही. तेच मूल वर्गात भागाकार मांडताना गोंधळतं. कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर झालेला मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेच दिसलं, आणि उलट बाजूही दिसली: शाळेतल्या गणितात बरी असलेली मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळली. दोघांपैकी बुद्धिमान कोण? प्रश्नच चुकीचा आहे. दोघांनाही आपापल्या जागी वापरायला मिळालेली बुद्धी आहे, आणि चाचणी त्यांतल्या एकाच जागी घेतली जाते.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांकडे गेले होते. हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतलं वेगळं कोणतं, असं त्यांनी विचारलं. ओंडका हे उत्तर अपेक्षित, कारण बाकीची तिन्ही हत्यारं. निरक्षर शेतकऱ्यांनी ओंडका बाजूला काढायला नकार दिला. ओंडकाच नसेल तर करवत आणि कुऱ्हाड चालवायची कशावर? शाळेत दोन-तीन वर्षं गेलेल्यांनी मात्र अपेक्षित उत्तर दिलं. शाळा विचार करण्याची एक पद्धत शिकवते, ती मोलाचीही आहे, आणि माझं सगळं आयुष्य तीच शिकवण्यात गेलं. पण ती एक पद्धत आहे.

मला काय हवं आहे ते स्पष्ट सांगते. शिष्यवृत्ती आणि भरतीच्या पेपरांवरचं ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हे नाव काढावं. ‘तर्क व आकृत्या’ म्हणा, प्रश्न तेच ठेवा. तपासणीच्या प्रत्येक अहवालावर आकड्याच्या शेजारी चाचणीचं नाव, तिची आवृत्ती कोणत्या सालची, ती कोणत्या भाषेत घेतली आणि मुलाची घरची भाषा कोणती, या चार गोष्टी असल्याच पाहिजेत. सोलापूरसारख्या शहरात तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे तपासनीस नेमावेत. त्याला फार पैसा लागत नाही, दखल घ्यावी लागते. प्रवेशासाठी मुलांना चाळणी लावायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, तेव्हा प्रवेशाच्या वेळी कोणी आयक्यूचा कागद मागितला तर पालकांनी तो देऊ नये. आणि बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगतो म्हणून हजारो रुपये घेणाऱ्यांना दारात उभं करू नये. त्याला शास्त्राचा कसलाही आधार नाही.

माझ्या वर्गापुरतं मी एक सुरू केलं आहे. जादा तासाला चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे फुली मारायच्या आधी मी ‘का?’ असं विचारते, आणि मूल सांगेल ते ऐकून घेते. कारण पटलं तर कडेला बरोबरची खूण करते, आणि परीक्षेत कोणतं उत्तर मागतात तेही सांगून ठेवते. यात वेळ जातो. तासाला तीस प्रश्न व्हायचे, आता बारा-तेरा होतात. दिवाळीनंतर एक पालक येऊन म्हणाले, ‘बाई, दुसऱ्या वर्गाचे दोन संच संपले, आपला एकच चाललाय.’ मी त्यांना मुलाच्या शेजारी बाकावर बसवलं आणि त्या दिवशीचा तास ऐकायला सांगितला. ते शेवटपर्यंत बसले. निघताना त्यांनी सातव्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं छापलंय असं मला दाखवलं, आणि ते खरंच चुकलेलं होतं.